पेट प्रॅक्टिससोबत ॲक्युपंक्चर: खरंच शिकावं, की लोक हसतील?

नवखी_व्हेट

प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

पदवी होऊन तीन वर्षं झाली. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात नोकरी करते. लसी, जंत, कातडीची खाज, उलट्या-जुलाब, नसबंदी हे रोजचं. काम आवडतं. पण म्हातारी कुत्री आली की आपल्याकडे सांगण्यासारखं फार काही नाही असं हल्ली वाटायला लागलंय. वेदनाशामक लिहून देते, वजन कमी करा म्हणते आणि पुढच्या पेशंटला आत घेते.

गेल्या महिन्यात १३ वर्षांची एक लॅब्रॅडॉर आली. दोन्ही खुबे गेलेले. उठताना मागचे पाय फरशीवर फाकतात आणि ती तशीच बसून राहते. किडनीचे रिपोर्ट बिघडलेले, त्यामुळे नेहमीची गोळी द्यायला हात धजावेना. गॅबापेंटिन दिलं तर दिवसभर झोपून. मालकीणबाईंनी विचारलं, "डॉक्टर, जनावरांना सुया टोचून करतात म्हणे काहीतरी?" मी म्हटलं, बघते. तेव्हापासून नुसती बघतेच आहे.

आपल्यापैकी कुणी साध्या प्रॅक्टिससोबत ॲक्युपंक्चर करतं का? त्यात दम आहे, की आपण मालकांची समजूत काढतो फक्त? आणि हे एकदा पाटीवर लिहिलं की बाकीचे डॉक्टर आपल्याला गंभीरपणे घेतात का? आमचे सर तर ऐकूनच म्हणाले, "मग पुढे पत्रिकाही बघ."

---

सुई_आणि_स्टेथो

नवखी, मी १७ वर्षं प्रॅक्टिस करतेय, त्यातली १२ सुयांसकट. वयानं मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणते.

आधी हसण्याचं. हसतात गं. मी कोर्सला नाव घातलं तेव्हा बॅचच्या ग्रुपवर एकानं साळिंदराचा फोटो टाकला आणि खाली माझं नाव. आज तोच मित्र त्याच्याकडची संधिवाताची कुत्री माझ्याकडे पाठवतो. साळिंदर अजून ग्रुपवर आहे.

माझा आठवडा सांगते म्हणजे चित्र दिसेल. सकाळी साधी ओपीडी, तुझ्यासारखीच. दुपारी ऑपरेशनं. सुयांना मंगळवार आणि शुक्रवारची दुपार, बस. पहिल्या भेटीला एक तास, पुढच्यांना अर्धा. त्या तासाभरात शेजारच्या टेबलावर चार लसी होऊन जातात. पैशाचं गणित तू इथेच समजून घे. निव्वळ सुयांवर दवाखाना चालवणारे असतील, मी नाही. माझा दवाखाना लसींवर, दातांवर आणि सोनोग्राफीवर चालतो.

टेबल वापरत नाही. जमिनीवर जाड गादी, कुत्र्याच्या घरची चादर, आणि मी मांडी घालून. (बारा वर्षांत त्या कुत्र्यांचे गुडघे सुधारले की नाही माहीत नाही, माझे गेले.) आधी नुसता हात फिरवते. कण्याच्या दोन्ही अंगांनी स्नायूंची जी पन्हळ जाते, तिच्यावरून बोटं मानेपासून शेपटीपर्यंत. मागचे पाय दुखणारं कुत्रं सगळा भार पुढे टाकतं, म्हणून खुब्यासाठी आलेल्या कुत्र्याचे खांदे दगडासारखे लागतात. मालकांना हे ठाऊक नसतं. त्यांचा हात तिथे ठेवून दाखवला की गप्प होतात.

सुई केवढी? तू इंजेक्शनला २२ गेजची वापरतेस ना, ती साधारण ०.७ मिलिमीटर जाड. माझी ०.२५ ची, मांजराला त्याहून बारीक. पोकळ नसते, त्यामुळे मांस कापत जात नाही, बाजूला सारत जाते. पहिली बहुतेक वेळा बाय हुई नावाच्या बिंदूला: कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामध्ये बोट आपोआप जिथे अडतं त्या खळग्यात. मग डोक्याच्या माथ्यावर एक, खुब्याभोवती तीन-चार, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला स्टमक ३६ नावाच्या बिंदूला एक. सुईभोवतीची कातडी एकदा थरथरते. कुत्रं मान वळवून "काय केलंस?" असं बघतं, ओठ चाटतं. आठ-दहा मिनिटांनी श्वास लांबायला लागतो, डोळ्यावरचं तिसरं पातं अर्ध्यावर येतं आणि स्वारी घोरते. सगळी नाही घोरत. काही उठून अंग झाडतात आणि सुया खोलीभर उडतात. मी मोजून टोचते आणि मोजून काढते. का, ते पुढे सांगेन.

आता खरं सांगू? सुयांनी मला सगळ्यात मोठी दिलेली गोष्ट म्हणजे ती वीस मिनिटं. एरवी कोणत्या कुत्र्याच्या अंगावर हात ठेवून तू वीस मिनिटं बसतेस? एक म्हातारं छोट्या जातीचं कुत्रं पाठदुखीसाठी येत होतं. तिसऱ्या वेळी माझ्या मांडीला टेकून डुलकी लागली त्याला. मालक त्याच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत होते आणि मी सवयीनं श्वास मोजत होते. मिनिटाला ४४. गाढ झोपलेल्या कुत्र्याचा श्वास ३० च्या वर गेला की माझं लक्ष पाठीवरून छातीकडे जातं. हृदयाची मरमर (ठोक्यांमधला जादा आवाज) कागदावर आधीपासून होती, खोकला नव्हता म्हणून सगळे निवांत. सुया काढल्या, एक्स-रे घेतला, फुप्फुसात पाणी. त्या संध्याकाळी पाणी उतरवणारं फ्युरोसेमाइड सुरू झालं. ॲक्युपंक्चरनं ते वाचलं असं मी म्हणणार नाही. पण ओपीडीच्या सात मिनिटांत मी ते मोजलं नसतं.

आता उलटी बाजू, कारण नुसत्या यशोगाथा सांगणाऱ्यांवर माझाच विश्वास नाही.

सुया शिकून तिसरं वर्ष होतं. हात बसला होता, त्यामुळे माज होता. आठ वर्षांचा एक रॉटवायलर, उजव्या पुढच्या पायानं लंगडणारा. मालकांनी जुना एक्स-रे आणला होता, चार महिन्यांपूर्वीचा, कोपराचा. कोपरात संधिवात दिसत होता. मी तो एक्स-रे खिडकीसमोर धरला, मान डोलावली आणि सुरू केलं. पहिल्या वेळेनंतर दोन दिवस लंगडणं कमी. दुसऱ्या वेळेनंतरही. मालक खूश, मी त्याहून खूश. चौथ्या वेळी पाय हातात धरला तर मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला, अंगठ्याखाली काहीतरी भरल्यासारखं लागलं. कुत्र्यानं पाय मागे घेतला नाही, फक्त माझ्या हाताकडे बघत राहिला. त्याच मिनिटाला एक्स-रे. हाड वाळवी लागल्यासारखं. हाडाचा कॅन्सर, आणि तोही अगदी पुस्तकात लिहिलेल्या जागी: कोपरापासून लांब, मनगटाजवळ.

तीन आठवडे गेले होते. मोठ्या जातींत हा आजार सापडतो तेव्हा बहुतेकदा आतून पसरलेलाच असतो, हे मला माहीत आहे, आणि मालकांनाही दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. माझ्या डोक्यातून गेलं नाही ते वेगळं. त्या तीन आठवड्यांत त्याचं दुखणं सुयांनी इतकंच कमी केलं होतं की मला शोधायची गरज वाटू नये. गोळी मी अर्धी केली होती. "सुयांनी भागतंय ना" म्हणून.

तेव्हापासून माझ्या हातून पहिली सुई जाते ती मी स्वतः पूर्ण तपासल्यावर आणि ताजा एक्स-रे बघितल्यावर. कुणाच्या चिठ्ठीवर नाही, जुन्या फिल्मवर नाही. मालक कुरकुरतात, "आम्ही एक्स-रे टाळायलाच तुमच्याकडे आलो." त्यांना मी नाही म्हणते.

त्यामुळे शीक, पण पदवी बाजूला ठेवून नको. ज्याला पोट, हृदय, हाड तपासायचा कंटाळा आलाय त्यानं तर हा कोर्स करूच नये.

---

मणक्याचा_मिस्त्री

ताईंनी रॉटवायलरचं मोकळेपणानं लिहिलं म्हणून त्यांच्याबद्दल आदर आहे. तरी थोडं विरजण घालतो. मी सर्जन आहे, मणके उघडतो.

पुरावा काय म्हणतो ते बघ. प्राण्यांवरच्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००६ साली आला. निष्कर्ष असा की कोणत्याही आजारासाठी त्याची शिफारस करावी किंवा ते फेटाळावं, इतका भक्कम पुरावा कुठल्याच बाजूनं नाही. त्यानंतर अभ्यास झाले, पण बहुतेक लहान.

सुयांचे समर्थक २०१० चा एक अभ्यास नेहमी पुढे करतात, म्हणून त्याबद्दल. डिस्क सरकून ४८ तासांहून जास्त काळ मागचे पाय गेलेली ४० कुत्री. नुसत्या विजेच्या सुयांच्या (सुयांना बारीक करंट जोडून) गटात १९ पैकी १५ सुधारली, नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात १० पैकी ४, दोन्ही केलेल्यांत ११ पैकी ८. ऐकायला जबरदस्त. पण शस्त्रक्रियेची दहा कुत्री जुन्या फायलींतून काढलेली होती आणि सुयांची कुत्री पुढे येतील तशी घेतलेली. चिठ्ठ्या टाकून गट केले नव्हते. शिवाय ही सगळी उशिरा आलेली. उशिरा उघडलेल्या मणक्याचा निकाल वाईट असतो हे सांगायला मला अभ्यास लागत नाही. तो आकडा दाखवून कुणी ताज्या पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकललं तर मी भांडेन.

आणि खरोखर भांडलोही आहे. एक डॅशहाउंड माझ्याकडे पाचव्या दिवशी आला, आधी चार दिवस कुठेतरी सुया चालू होत्या. कारण काय, तर "चिमटा घेतला की पाय ओढतो, म्हणजे संवेदना आहे." नवखी, हे पाठ करून ठेव. बोटाच्या हाडावर चिमटा दाबला आणि पाय आखडला, याचा अर्थ काहीच नाही. ते काम खालचा मज्जारज्जू मेंदूला न विचारता करतो. कुत्र्यानं मान वळवली, कण्हलं, चावायला आलं, तर निरोप मेंदूपर्यंत गेला. ही खोल वेदनेची जाणीव शाबूत असताना ऑपरेशन केलं तर दहापैकी नऊच्या आसपास पुन्हा चालतात. ती गेली की साधारण निम्मेच. हा फरक काही तासांत पडू शकतो.

अजून एक चिमटा, हा ताईंना. घोड्याला पित्ताशय नसतं. घोड्याच्या ॲक्युपंक्चरच्या नकाशात पित्ताशयाची रेषा (बिंदू ज्या रेषांवर मांडतात त्यांतली एक) मात्र डोक्यापासून खुरापर्यंत आहे. कसं काय?

आणि सुधारणा कोण मोजतं? मालक आणि सुई टोचणारा. संधिवातात चढ-उतार असतातच, माणूस कुत्र्याला सगळ्यात वाईट दिवशी घेऊन येतो. पुढच्या आठवड्यात बरं दिसणारच, काहीही करा. लंगडणाऱ्या कुत्र्यांना नुसती खोटी गोळी दिली तरी मालकांना ती सुधारलेली दिसतात, आणि डॉक्टरांनाही तितकीच. पाय जमिनीवर किती दाब देतो हे मोजणाऱ्या पट्टीवर चालवलं की मग खरं कळतं.

---

लांबुडक्याचा_बाप

मी डॉक्टर नाही. वर डॅशहाउंडचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमचा लांबुडका सहा वर्षांचा होता तेव्हा एका सकाळी मागचं धड ओढत पाणी प्यायला आला. काही तासांत ऑपरेशन झालं, खोल वेदना होती म्हणाले. नंतर सर्जननीच सांगितलं, हवं तर सुया करून बघा, तोटा नाही.

आठवड्यातून दोनदा जायचो. सुयांना क्लिपा लावून बारीक करंट सोडायचे, मांडीचा स्नायू टिक-टिक उडताना दिसायचा. पण डॉक्टरीणबाईंनी त्याहून जास्त वेळ मला शिकवण्यात घातला. मूत्राशय दाबून कसं रिकामं करायचं, दिवसातून तीन-चार वेळा. पहिले दोन दिवस मी रडलो, कारण फुगा हाताला सापडतच नव्हता. नखांच्या वरच्या बाजू घासून रक्त यायचं, तिथे मोजे. पायांची सायकल. पिंजऱ्याबाहेर उडी मारू द्यायची नाही.

अकराव्या दिवशी मूत्राशय दाबत असताना शेपटी माझ्या मनगटावर आपटली. चुकून लागली असेल म्हणून मी त्याचं नाव घेतलं. परत आपटली. आता तो चालतो, थोडा दारू प्यायल्यासारखा, पण चालतो.

मी बाईंना विचारलं, ऑपरेशननं की सुयांनी? त्या म्हणाल्या, "हे एकच कुत्रं आहे, त्याला दोन्ही केलं, त्यामुळे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही." मला वाटलं होतं सुयांचं नाव घेतील.

---

सुई_आणि_स्टेथो

लांबुडक्याला माझ्याकडून कान खाजवून.

मिस्त्री, डिस्कबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूनं. मागचे पाय अचानक गेलेलं कुत्रं माझ्याकडे आलं तर मी सुयांची डबी उघडतच नाही, सर्जनला फोन लावते. ऑपरेशन झाल्यावर, किंवा खोल वेदना शाबूत असून मालकांना ऑपरेशन शक्यच नसेल तेव्हा, पिंजऱ्यातली विश्रांती आणि औषधांसोबत माझं काम सुरू होतं.

पित्ताशयाचं म्हणाल तर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधतही नाही. नकाशा माणसाचा, तो कुत्र्यावर चढवलाय. माणसाला बरगड्यांचे १२ मणके आणि कमरेचे ५. कुत्र्याला १३ आणि ७. मग "अमुक मणक्याच्या शेजारी" हा बिंदू सरकतो कुठे, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. मालकांसमोर मी ऊर्जा, वारा, ओलावा असे शब्द वापरत नाही. सांगते की इथे मोठी नस जाते, इथे स्नायू आवळलाय, इथे टोचलं की शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं. एवढं मी प्रामाणिकपणे म्हणू शकते. ॲक्युपंक्चरनं कमी झालेली वेदना नॅलोक्सोन (अफूचा परिणाम उलटवणारं औषध) दिल्यावर परत येते हे १९७० च्या दशकातच दिसलं होतं, म्हणजे शरीरातली अफूसारखी रसायनं त्यात आहेत. २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की सुई फिरवली की त्या जागी ॲडेनोसिन वाढतं आणि दुखणं दबतं. विजेच्या सुयांत २ हर्ट्झला एक प्रकारची रसायनं सुटतात, १०० हर्ट्झला दुसरी, म्हणून मी दोन्ही आलटून पालटून लावते. मात्र ठरलेल्या बिंदूऐवजी दोन बोटं बाजूला टोचलं तर किती फरक पडेल, यावर मला पैज लावायला सांगू नका.

मोजण्याचं तुमचं म्हणणं मी कधीच घरी नेलंय. दाब मोजणारी पट्टी माझ्याकडे नाही. पण पहिल्या दिवशी मालकांकडून तीन कामं लिहून घेते, त्याच कुत्र्याची, अगदी क्षुल्लक. "सोफ्यावर स्वतः चढतो." "लघवीला पाय उचलून उभा राहतो." "दाराची घंटा वाजली की उठून येतो." आणि एकाच जागी, एकाच बाजूनं चालतानाचा व्हिडिओ. चार-पाच भेटींनंतर कागद काढते. तिन्हींत काही हललं नसेल तर मीच थांबवते. दर पाचा-सहांत एखाद्याला थांबवावं लागतं, माझ्या वहीप्रमाणे. फसवून घेण्याची शक्यता यानं संपत नाही, कमी होते.

नवखी, तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस: कोण मालक येतात. निम्मे तुझ्या लॅब्रॅडॉरसारखे, औषधाची वाट बंद झालेले. मांजरं फार. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर दहातल्या नवांना कुठे ना कुठे सांध्याची झीज दिसते. लंगडत मात्र नाहीत, फक्त वर उडी मारणं सोडून देतात आणि आपण म्हणतो, म्हातारी झाली. त्यांत किडनी आजारलेली पुष्कळ, त्यामुळे सुया खरोखर उपयोगी पडतात. मांजराला धरायचं नाही. टोपलीचं झाकण काढायचं, अर्ध्या अंगावर टॉवेल, चार-पाच सुया आणि दहा मिनिटं. शेपूट आपटायला लागली की संपलं.

उरलेल्यांत एक जात असते जिला औषधंच नको असतात. मधुमेहाचं मांजर घेऊन एकजण आले. "इन्सुलिन नको, ते केमिकल आहे, तुम्ही सुयांनी करा." मी म्हटलं, सुई मीही टोचेन आणि तुम्हीही टोचाल, तुमच्या सुईत इन्सुलिन असेल. ते उठून गेले, आणि बाहेर जाऊन माझ्याबद्दल काय वाटेल ते लिहिलं. असे लोक तुला "आपली" डॉक्टर समजून येणार. त्यांना नाही म्हणायची तयारी नसेल तर त्या पाटीचा तुला त्रासच होईल.

आता कोर्स. आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चर संस्था १९७४ पासून आहे, तिचे आणि तशाच इतरांचे कोर्स पशुवैद्यांसाठीच असतात. शंभराहून जास्त तास, लेखी-तोंडी परीक्षा, केस रिपोर्ट, कुणाच्या तरी हाताखाली काम. कुठलाही घे, पण जिवंत कुत्र्यावर तुझा हात धरून बिंदू दाखवतील असाच घे. पडद्यावर बघून बरगड्यांमधली खोली कळत नाही. लहान कुत्र्याच्या छातीवर सुई सरळ आत गेली तर फुप्फुसापर्यंत पोचू शकते, तिथे ती तिरपीच हवी. गाठीवर, सुजलेल्या कातडीवर टोचायचं नाही. रक्त गोठण्यात गडबड असेल तर नाही. गाभण असेल तर काही बिंदू वर्ज्य. फिट येणाऱ्याला डोक्याला वीज लावायची नाही.

आणि मोजणी. एका गोल्डन रिट्रीव्हरनं सुया काढायच्या दोन मिनिटं आधी मान वळवली आणि मांडीवरची सुई, जशी माशी टिपावी तशी, टिपली. मी १४ टोचल्या होत्या, हातात १३. गादी झटकली, चादर झटकली, माझ्या केसांत बघितलं. शेवटी एक्स-रे. पोटात, आडवी, एकदम स्पष्ट. भूल देऊन दुर्बिणीनं काढली, बिल मी भरलं. मालक हसत होते, कारण कुत्रं शुद्धीवर येताच परत माझ्या डबीकडे बघत होतं.

---

नवखी_व्हेट

एवढं सगळं वाचून आधी एक कबुली. त्या लॅब्रॅडॉरचे खुबे मी एक्स-रेत बघितलेच नाहीयेत. वय आणि चाल बघून ठरवून टाकलं. रॉटवायलर वाचताना पोटात गोळा आला.

मिस्त्री सर, चिमट्याचं उद्या दवाखान्यातल्या सगळ्यांना सांगणार आहे, कारण "पाय ओढतोय, ठीक आहे" हे मी स्वतः दोनदा म्हटलेलं आठवतंय.

ताई, कोर्सआधी एकदा प्रत्यक्ष बघायचं आहे. येऊ का? आणि तोवर त्या कुत्रीला काय देऊ?

---

मणक्याचा_मिस्त्री

दोनदाच ना? माझ्या पहिल्या वर्षाचं विचारू नकोस.

तिच्या मागच्या पंज्यांचं एक बघ. पंजा उलटा करून, म्हणजे वरची बाजू जमिनीला लावून ठेव. लगेच सरळ केला नाही तर हे नुसते खुबे नाहीत, मज्जारज्जूकडे बघावं लागेल. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये दोन्ही एकत्र पुष्कळदा सापडतं. आणि तसं निघालं तर मला फोटो पाठव, ताईंना नंतर.

---

सुई_आणि_स्टेथो

मिस्त्री, पहिलं पाठवायचं तुम्हालाच, मान्य.

तोवर: गॅबापेंटिन एकदम बंद करू नकोस. डोस खाली आण, आधी फक्त रात्री दे, काही दिवसांत गुंगी बरीचशी उतरते. किडनीचं पुन्हा रक्त, लघवी आणि रक्तदाबही. घरात ती जिथे उठते-बसते तिथे फरशीवर न सरकणाऱ्या चटया टाकायला सांग, सलग, मधे फट नको. पंज्यांमधले केस काप. यानंच निम्मं फाकणं थांबतं कधीकधी, आणि मग सुयांना त्याचं श्रेय मिळतं. संधिवाताचं महिन्यातून एकदा द्यायचं अँटिबॉडीचं इंजेक्शन मिळत असेल तर त्याबद्दलही वाच, तिच्या रिपोर्टसमोर ठेवून ठरव.

शुक्रवारी दुपारी ये. त्या बाईंना आणि कुत्रीलाही घेऊन ये. जमिनीवर बसायचंय, तशी पँट घाल. एक्स-रे काढून आण, दोन्ही खुबे आणि कंबर. सुया मोजायचं काम तुझ्याकडे.